पाणी कमी, ताकद जास्त

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. बायकोने वाचण्याची भीती नाही, तिला माझं अक्षर लागत नाही.

उद्या बायको कामावर रुजू होणार. ती डोळे तपासते (लोकांचे). मी रेडी-मिक्स काँक्रीटच्या प्लांटवर क्वालिटीला, बारा वर्षं झाली. पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. साडेपाच महिन्यांची ठकी तोवर दिवसभर माझ्या ताब्यात. सतरा तारखेपासून पाळणाघर.

सासूबाई म्हणत होत्या, मी येऊन राहते तेवढे दिवस. मी नम्रपणे नको म्हटलं. त्यावर त्या बायकोला फोनवर म्हणाल्या, त्यांना नाही गं जमायचं. फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसून मटार सोलत होतो. मनाला लावून घेतलं नाही. एवढंच ठरवलं की असं काम करून दाखवायचं की त्यांनी स्वतः येऊन शब्द मागे घ्यावेत.

बायकोशी ठरलं आहे की मध्ये काही बिनसलं तर मुकाट्याने सासूबाईंना बोलवायचं. मी लगेच हो म्हटलं. बिनसणार नाही.

तयारी: एक वही आणली. चारशे पानी, जाड पुठ्ठ्याची. बायको म्हणाली, पंधरा दिवसांसाठी एवढी कशाला, छोटी पुरली असती. तिला रेकॉर्डचं महत्त्व नाही. प्लांटवरच्या बॅच रजिस्टरसारखे रकाने आखले. वेळ, पाणी, पावडर, मिक्स करणारा, बाहेर काय आलं, शेरा. सगळ्यात शेवटी तपासणाऱ्याची सही. हा रकाना रिकामा राहील, कारण प्लांटवर तपासणारा मीच असतो आणि मला तपासायला कोणी नाही. हाताला सवय म्हणून आखला गेला.

३ मार्च, सोमवार, सकाळी ९.१५

बायको गेली. जाताना दारात रडली. ठकी रडली नाही. माझ्यावर विश्वास असावा.

व्यवस्था अशी: सकाळ-संध्याकाळ-रात्र आईचं दूध, दिवसा पावडरच्या तीन बाटल्या. म्हणजे दिवसपाळी माझी. बाटली कशी करायची ते बायकोने काल तीनदा दाखवलं. आधी पाणी, मग पावडर, तीस मिलीला एक सपाट चमचा. मी मान हलवली. बारा वर्षं मिक्सच करतोय, हे बोलून दाखवलं नाही.

सकाळी ११.४०

पहिली बाटली डब्यावर लिहिल्याप्रमाणे केली. दीडशे पाणी, पाच चमचे. उजेडात धरून पाहिली तर बाटलीपलीकडची खिडकी दिसल्यासारखी वाटली. असा माल माझ्या प्लांटवरून गेटबाहेर गेला नसता.

डब्यावरचं प्रमाण कंपनी सगळ्यांसाठी छापते. साध्या घराच्या स्लॅबला एक ग्रेड, पुलाला दुसरी. माझी मुलगी पुलाच्या ग्रेडची आहे. पहिल्या दिवशी ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: पाणी कमी, ताकद जास्त.

दुपारी २.४५

दुसरी बाटली: पाणी एकशेवीस, चमचे पाच. रंग सुधारला. ठकीने संपवली. शेरा: उत्तम.

४ मार्च, मंगळवार, दुपारी २.३०

'बाहेर काय आलं' हा रकाना कोरा. काल दुपारपासून कोराच आहे. बायकोच्या राज्यात रोज सकाळी न चुकता व्हायचं, पावडरच्या बाटल्या सुरू झाल्या तेव्हाही. मालक बदलला की कामगार थोडे दिवस अडून बसतात. समजू शकतो.

ओली लंगोटं कालपेक्षा कमी. गळती आटोक्यात. शेरा: चांगली खूण.

सासूबाईंचा फोन. ठकी कशी आहे. छान आहे. शी झाली का. आज विश्रांती घेतेय म्हटलं. त्यावर विचारतात, जावईबापू, बाटलीत पाणी किती घालता? काय प्रश्न आहे. काँक्रीटवाल्याला पाणी किती घालता. मी म्हटलं, प्रमाणात घालतो. आणि विषय बदलून त्यांच्या गुडघ्यावर आणला.

५ मार्च, बुधवार, सकाळी १०.५०

ठकी कुंथतेय. मुठी आवळते, चेहरा टोमॅटोसारखा होतो, गुडघे पोटाशी घेते. मी समोर बसून धीर दिला. पाच मिनिटांनी तिने प्रयत्न सोडला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू काही चूक माझी आहे.

निष्पत्ती शून्य.

दुपारी १.२०

निदान झालं. दात येतायत. बोट फिरवून पाहिलं, हिरड्या अगदी मऊ. म्हणजे अजून आत आहेत.

दुपारी ४.००

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो, ठकीला छातीशी बांधून. पोट साफ व्हायला काहीतरी द्या म्हटलं. कोणाला, म्हणाला. मी खाली बोट दाखवलं. त्याने डबा परत फळीवर ठेवला. म्हणे इतक्या लहान बाळाला असलं काही देत नाही, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, तुम्ही अनुभवी माणूस. तो म्हणाला, म्हणूनच. रिकाम्या हाताने आलो. धंदा कसा करतात कोण जाणे.

६ मार्च, गुरुवार, दुपारी ३.१०

झाली.

चार. गोल, कोरड्या, सुट्ट्या. आकार बारीक खडीचा, दहा ते बारा मिलिमीटर, एकसारखी प्रतवारी. ओला माल शंकूत भरून शंकू उचलला की माल जितका खाली बसतो त्याला आम्ही स्लंप म्हणतो. इथे स्लंप शून्य. ग्रेडिंगबद्दल क्षणभर कौतुक वाटलं, ते लिहून ठेवतो आणि मागे घेतो, कारण चारही वेळा ठकी फार रडली. नेहमीसारखं भुकेचं रडणं नव्हतं. वेगळं होतं. मी उगाच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

संध्याकाळी ६.४५

बायकोला वही दाखवली. तिने फक्त 'बाहेर काय आलं' एवढाच रकाना वाचला, अक्षर लागत नाही म्हणून बाकीचा सोडला. चिंतेत पडली. बाटली मी दाखवली तशीच करतोस ना, म्हणाली. मी म्हटलं, त्याहून चांगली. खरंच बोललो. डॉक्टरकडे नेऊ या का, म्हणाली. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली. प्लांटवर एखादा मिक्स फसला तर आम्ही लगेच वरच्या ऑफिसला फोन करत नाही. आधी चाचण्या घेतो.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी १०.००

चाचण्या सुरू. मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. बाळाला उताणं ठेवून पाय सायकलसारखे फिरवायचे. पोटावर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका हात. मग कोमट पाण्याची आंघोळ.

सायकल: दोनशे फेऱ्या. ठकी खूष. मी घामाघूम. हात घड्याळाच्या दिशेने फिरवला, पण घड्याळ माझ्या बाजूने धरायचं की तिच्या बाजूने हे व्हिडिओत नीट नव्हतं. दोन्ही बाजूंनी फिरवला. आंघोळीत तिने माझ्या शर्टवर पाणी उडवलं. बाकी काही उडालं नाही.

दुपारी १२.३५

प्लांटवरून फोन. मिक्सरचा ड्रायव्हर, जुना माणूस. रजेवर जाण्याआधी मी त्याच्या नावे मेमो काढला होता, साइटवर ड्रममध्ये पाणी घातलं म्हणून. त्याचं म्हणणं, साहेब, माल इतका घट्ट होता की पन्हळीतून खालीच उतरेना. ड्रम फिरवून फिरवून थकलो. दोन बादल्या घातल्या तेव्हा कुठे उतरला.

मी त्याला झाडून काढला. म्हटलं, पाणी घातलं की उतरतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण ताकदीचं काय. उतरण्यासाठी ताकद घालवायची? मेमो राहणार. एवढ्यात मांडीवर ठकी कुंथायला लागली आणि मला पुढचं ऐकू येईना, म्हणून फोन ठेवला.

शेरा: कोरा.

८ मार्च, शनिवार

बायकोला दोन दिवस सुट्टी. ठकी तिच्याकडे. पावडरची सवय मोडू नये म्हणून दुपारची एक बाटली तिनेच केली. 'मिक्स करणारा' या रकान्यात नियमाप्रमाणे 'बायको' लिहिलं. पाहिलं तर बाटली पाणचट. काही बोललो नाही. घरात शांतता हवी.

जेवून दुपारभर झोपलो. आठवडाभरात पहिल्यांदा.

९ मार्च, रविवार, सकाळी ८.०५

विजय.

भरपूर. मऊ. पिवळं. बायकोच्या कुर्त्यापर्यंत. ठकी रडली तर नाहीच, उलट हसली. तिचं पोट थोपटून पाहिलं, मऊ. हा आनंद काय असतो ते ज्याला मूल नाही त्याला सांगून कळणार नाही.

विश्लेषण: शुक्रवारच्या दोनशे सायकल फेऱ्यांचा हा परिणाम. काँक्रीटही ओतल्या ओतल्या ताकद दाखवत नाही, अठ्ठावीस दिवस घेतं. सायकलला अठ्ठेचाळीस तास लागले. वहीत लाल पेनाने लिहिलं.

बायको म्हणाली, काल दिवसभर मी होते म्हणून असेल. मी हसलो. तिलाही श्रेय मिळायला हवं, म्हणून वाद घातला नाही.

सासूबाईंना स्वतःहून फोन केला. प्रश्न सुटल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. आणि मग परत तेच, बाटलीत पाणी किती घालता? वयाने माणूस एकाच गोष्टीवर अडकतो.

१० मार्च, सोमवार, दुपारी १२.००

दिवसपाळी पुन्हा माझी. काल एवढा माल बाहेर पडलाय म्हणजे शरीरात खड्डा पडला असणार. तब्येत भरून काढली पाहिजे. पाणी एकशेवीस कायम, चमचे पाचाऐवजी सहा, आणि सपाट नाही, वर टेकाड ठेवून. बाटली उलटी केली तर थेंब विचार करून पडतो. असं दूध बघून समाधान वाटतं.

ठकीने निम्मी पिऊन तोंड फिरवलं. लगेच भरलं असणार. ताकदीचं दूध आहे.

११ मार्च, मंगळवार, सकाळी ११.१५

कोरा.

दुपारी २.००

सायकल: चारशे. पोट घट्ट लागतंय, फुगवलेल्या चेंडूसारखं. लंगोटं सकाळपासून फक्त दोन ओली.

दुपारी ४.४०

बाटली तोंडाला लावली की मान फिरवते. तहान लागल्यासारखी ओठ चाटते आणि बाटली दिसली की रडते. मी गाणं म्हटलं. मी गाणं म्हटल्यावर कोणीही रडेल, म्हणून थांबलो. तरी रडत होती.

काँक्रीटच्या बाबतीत मला आजवर कधी भीती वाटली नाही. खराब निघालं तर फोडता येतं.

संध्याकाळी ६.३०

बायकोने ठकीला घेतल्या घेतल्या विचारलं, काय झालं हिला. मी म्हटलं, दात. तिने हिरडी पाहिली. डोळ्यांना टॉर्च लावायची सवय आहे तिला, तसाच तोंडात लावला. दात नाहीत, म्हणाली. उद्याची डॉक्टरची वेळ तिनेच घेतली. मी म्हटलं, मीच नेतो, तू सुट्टी नको काढूस. वही सोबत नेणार. एवढं पद्धतशीर रेकॉर्ड डॉक्टरांनी आयुष्यात पाहिलं नसेल.

१२ मार्च, बुधवार, सकाळी ९.५०

आत्ता झाली. दोन खडे, मोठे, पंधरा मिलिमीटरच्या वरचे. आणि त्यावर रक्ताची एक बारीक रेघ.

मोजपट्टी हातात होती, ती खाली ठेवली. ठकी अजून हुंदके देतेय. वेळ साडेअकराची आहे. आत्ताच निघतोय.

दुपारी २.४५

घरी आलो. ठकी झोपली आहे. सगळं लिहून काढतो, जसं झालं तसं.

डॉक्टर बाई वयाने माझ्याच एवढ्या. आधी ठकीला तपासलं. वजन, टाळू, जीभ, पोट, शेवटी रक्त कुठून आलं ते. बारीक चीर पडली आहे, कडक शीमुळे, भरून येईल म्हणाल्या. शरीरात पाणी थोडं कमी पडलंय, घाबरण्यासारखं नाही, पण वेळेवर आणलंत. मी कपाळ पुसलं.

मग मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. माझं अक्षर त्यांना लागलं. डॉक्टरांना एकमेकांची अक्षरं वाचायची सवय असते. बराच वेळ वाचत होत्या. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. नर्सला बोलावून एक पान दाखवलं. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेली. मला वाटलं, झेरॉक्स काढून ठेवणार.

डॉक्टर म्हणाल्या, किती दिवसांनी होते त्याला फार महत्त्व नाही, काही बाळं तीन-चार दिवस करत नाहीत आणि मजेत असतात. लाल होऊन कुंथतात तेही चालतं. बघायचं ते कशी येते. कडक, खड्यांसारखी, आणि बाळ दुखून रडतंय, तर ती बद्धकोष्ठता. मग विचारलं, तीन तारखेच्या दुपारी नेमकं काय बदललं? मी म्हटलं, मिक्स सुधारलं. त्या म्हणाल्या, आठ आणि नऊला? मी म्हटलं, त्या दिवशी मिक्स बायकोकडे होतं. आणि दहाला? मी म्हटलं, पुन्हा मी. अजून सुधारलं.

त्यांनी बाटली करून दाखवायला सांगितली. बॅगेत सगळं होतंच. करून दाखवली. त्यांनी ती उलटी धरली आणि थेंब पडायची वाट बघितली. तो पडेना.

मग म्हणाल्या, तुम्ही काँक्रीटमधले ना. मिक्समध्ये पाणी कमी घातलं की काय होतं?

मी उत्साहाने म्हटलं, ताकद वाढते, पण माल घट्ट होतो, पन्हळीतून उतर-

वाक्य तिथेच राहिलं. भिंतीवर बाळाच्या पोटाचा मोठा तक्ता होता. आतडं कसं वळणावळणाने खाली येतं ते रंगवलेलं. मी तो बघत बसलो. ठकी टेबलावर स्वतःचा पाय तोंडात घालायचा प्रयत्न करत होती.

नंतर त्यांनी सौम्यपणे सांगितलं, पण सांगितलं. पावडर जास्त आणि पाणी कमी म्हणजे नुसती शी कडक होत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो, बाळ तहानलेलं राहतं, पुढे जीवावर बेतू शकतं. आई सकाळ-संध्याकाळ पाजत होती म्हणून निभावलं. डब्यावरचं प्रमाण म्हणजे प्रमाण, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. सायकल, पोटावर हात, आंघोळ चालू ठेवा, ते चांगलं करताय. घरगुती उपाय, जुलाबाचं औषध काही नाही. उलटी झाली, पोट फुगलं, पिणं सोडलं तर लगेच आणायचं. मी सगळं वहीत लिहून घेतलं. अक्षर नीट काढलं.

माझ्या मुलीला मी सात दिवस दूध म्हणून काँक्रीट पाजलं. ती तहानलेली होती आणि मी तिला भरलेली समजत होतो. तिला बोलता येत असतं तर तिनेही सासूबाईंचाच प्रश्न विचारला असता. मला फार वाईट वाटतंय. हे शेरा या रकान्यात बसत नाही, म्हणून इथे लिहितो.

संध्याकाळी ७.१०

बायकोला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ती ओरडली नाही. तिने डबा घेतला, चमचा घेतला, माझ्यासमोर पाच सपाट चमचे मोजले आणि मग ठकीला घेऊन आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, आईला फोन केलाय. ठरल्याप्रमाणे.

मी म्हटलं, ठीक आहे. आणि विचारलं, आई काय म्हणाल्या. ती म्हणाली, काही नाही, शुक्रवारी पोचते म्हणाली.

१३ मार्च, गुरुवार, दुपारी १.००

आधी पाणी. दीडशे. टेबलावर ठेवून, डोळा रेषेच्या पातळीवर आणून वाचलं, स्लंपसारखं. पाच चमचे, सुरीच्या पाठीने सपाट. उजेडात धरून पाहिली तर पलीकडची खिडकी दिसत नाही. पहिल्या दिवशीही दिसली नव्हती बहुतेक. ठकीने सगळी संपवली आणि बाटली सोडायला तयार नव्हती.

ओली लंगोटं सकाळपासून चार. मोजताना आनंद झाला.

दुपारी ३.३०

ड्रायव्हरला फोन केला. मेमो मागे घेतला नाही, काँक्रीटचं शास्त्र वेगळं. पण म्हटलं, पुढच्या वेळी माल उतरत नसेल तर घालायच्या आधी मला फोन करा, आपण बघू काय करायचं ते. त्याने विचारलं, साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?

संध्याकाळी ५.२०

झाली. मऊ. रडली नाही. स्लंप मोजला नाही.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी १२.५०

सासूबाई दहाला पोचल्या. एक बॅग, एक छत्री. ठकीला घेतलं, पोट चाचपून पाहिलं, बरं म्हणाल्या. मी भाषण तयार ठेवलं होतं. माझं चुकलं, असं त्याची सुरुवात होती. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि वही मागितली.

टेबलाशी बसून पहिल्या पानापासून वाचली. त्यांचा चष्मा माझ्या बायकोने केलेला आहे, त्यातून माझं अक्षरही लागतं. मी ठकीच्या झबल्यांच्या घड्या घालत होतो. घातलेल्या घड्या मोडून परत घातल्या. 'नाही गं जमायचं' हे वाक्य यायची वाट बघत होतो. ते आलं नाही. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, हा सगळ्यात शेवटचा रकाना रिकामा का?

मी समजावून सांगितलं. तपासणाऱ्याची सही.

त्या म्हणाल्या, हं.

बाराची बाटली झाली. प्लांटवर नव्या माणसाच्या मागे मी जसा हाताची घडी घालून उभा राहतो, तशा त्या माझ्या मागे उभ्या होत्या. पाणी दीडशे. त्यांनी वाकून रेषा पाहिली. एक चमचा. सुरी. दोन. सुरी. तिसऱ्याला थोडी पावडर सांडली, तो चमचा मी रिकामा करून परत भरला. पाच झाले. झाकण लावून हलवली. त्यांनी बाटली घेतली, उलटी धरली, एक थेंब मनगटावर घेतला, मान हलवली. मग म्हणाल्या, पेन द्या, जावईबापू.

सही केली. अक्षर फार सुवाच्य आहे. पूर्ण नाव लिहितात.

ठकी पितेय. त्यांच्या मांडीवर, माझं बोट धरून.

मी विचारलं, रविवारपर्यंत थांबाल ना? त्यांनी वही उचलून जाडी पाहिली, कोऱ्या पानांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, ही भरेपर्यंत आहे की मी.

चारशे पानी आहे. छोटी पुरली असती.